सबब दावा

शिपायाने आमच्या दादाचं नाव तीनदा पुकारलं. तिन्ही वेळा तो जिन्याच्या तोंडापर्यंत जाऊन आला आणि तिन्ही वेळा मी मनात म्हटलं, येऊ नकोस, येऊ नकोस. खोटं कशाला बोलू? सख्ख्या भावाने माझ्यावर दावा लावलेला, तो चार वर्षं चाललेला, आणि चार वर्षांत या माणसाने एक तारीख चुकवलेली नाही. मी पोचायच्या आधी बाकावर येऊन बसायचा, मान ताठ, माझ्याकडे ढुंकून बघायचा नाही. मधे स्वतःच्या वकिलाशीही भांडला आणि त्याला सोडून एकटाच यायला लागला. आमच्या घराण्याला भांडायला वकील लागत नाही म्हणा. पण त्या दिवशी बाक रिकामा होता.

न्यायाधीशांनी घड्याळ बघितलं, फाईलवर दोन ओळी लिहिल्या आणि पुढची फाईल ओढली. माझ्या वकीलबाईने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

"झालं. दावा काढून टाकला. घरी जा आता."

"म्हणजे जिंकलो?"

"नंतर बोलू, मला खाली दुसरी तारीख आहे," म्हणत ती जिना उतरलीसुद्धा. पोरगी हुशार आहे, पण उभी राहील तर शपथ. त्या दिवशी तर सकाळपासून तिची धावपळ चाललेली. सातलाच मला फोन केला होता, की आपलं कोर्ट नेहमीच्या सात नंबरच्या खोलीत नाही, तिथलं छत गळतंय, तुम्ही मागच्या जिन्याने थेट वर अकरा नंबरला या. मी तशी गेले आणि तशीच मागच्या जिन्याने परत आले.

दुसऱ्या दिवशी नक्कल हातात मिळाली. माझा धंदा चष्म्याचा. भिंगं घासते, फ्रेमी बसवते, बारीकातलं बारीक अक्षर लोकांना दिसेल असं करून देते. तर मला दोन ओळी वाचायला कोणाची गरज होती? त्यात लिहिलं होतं: वादी पुकारा करूनही गैरहजर. सबब दावा काढून टाकण्यात येत आहे.

सबब दावा! मी दुकानात उभ्या उभ्या ओरडलेच. शेजारचा शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून धावत आला. मी कागद त्याच्या नाकाशी धरला.

"बघा, कोर्टानेच लिहिलंय. सबब दावा. म्हणजे काहीतरी सबब काढून लावलेला. खोटा!"

"कोर्ट काय शब्द शोधून काढतं पण!" शिंपी म्हणाला. त्याने तो कागद दोनदा वाचला, मान डोलावली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून टाकलं. येणारं गिऱ्हाईक आधी अभिनंदन करायचं आणि मग नंबर तपासून घ्यायचं. मला रडू येत होतं. आनंदाचंच, दुसरं कशाचं?

कारण मला काय हवं होतं ते ऐका. दुकान हवं होतंच. तीस वर्षं मी त्या मागच्या खोलीत घासणीच्या चाकापुढे बसलेय, दुसरं मला येत नाही आणि दुसरीकडे मला कोणी ठेवणार नाही. पण दाव्याच्या अर्जातला परिच्छेद चार माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला होता. "वडिलांना दिसत नव्हते याचा गैरफायदा घेऊन प्रतिवादीने त्यांची फसवून सही घेतली." प्रतिवादी म्हणजे मी. बाबांना शेवटची दोन वर्षं काचबिंदूमुळे दिसत नव्हतं, हे खरं. दुकानाचं बक्षीसपत्र त्यांनी स्वतःहून माझ्या नावाने केलं, हेही खरं. दोन साक्षीदार होते, त्यातला एक वारला आणि दुसरा कुठे गेला कोणास ठाऊक. राहिली मी. मी खरं बोलतेय असं कोणीतरी, ज्याच्या बोलण्याला किंमत आहे अशा कोणीतरी, लिहून द्यायला हवं होतं. आणि ते मिळालं होतं.

तिसऱ्या दिवशी मी वकीलबाईच्या ऑफिसात गेले, म्हटलं आभार तरी मानावेत. तिला मी कागद वाचून दाखवला, "सबब दावा" वर चांगला जोर देऊन. ती आधी हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली.

"काकू, सबब म्हणजे 'म्हणून'. कोर्टाच्या मराठीत. वादी आला नाही, म्हणून दावा काढून टाकला. एवढंच आहे ते."

"म्हणजे खोटा दावा असं नाही?"

"नाही."

"मग मी खरी की खोटी?"

"त्यावर कोर्ट काही बोललेलंच नाही."

"चार वर्षांत?"

"चार वर्षांत. निकाल लागणं वेगळं आणि दावा काढून टाकणं वेगळं. निकालात कोर्ट पुरावा बघतं आणि सांगतं कोणाचं बरोबर. इथे कोर्टाने पुरावा उघडूनही पाहिला नाही."

मला वाटलं खुर्ची माझ्याखालून कोणी ओढली. ती पुढे बोलत होती. तीस दिवस. तीस दिवसांत दादाने अर्ज केला, येऊ न शकण्याचं खरं कारण दाखवलं, तर दावा पुन्हा उभा राहील, होता तिथून. तीस दिवस गेले की संपलं. मग याच गोष्टीवरून त्याला पुन्हा दावा लावता येणार नाही. दुकान माझं, कोणी बोट लावू शकणार नाही.

"आणि परिच्छेद चार?"

"तो फाईलमध्ये राहील. खोडला जाणार नाही आणि खराही ठरणार नाही. काकू, दुकान वाचतंय ना? मग तीस दिवस तोंडाला कुलूप. त्यांना फोन नाही, निरोप नाही. आणि कृपा करून गल्लीत आणखी मिरवू नका."

घरी येताना शिंप्याने हाक मारली. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. लाज वाटत होती, रागही येत होता, आणि राग नक्की कोणाचा ते कळत नव्हतं.

मग सुरू झाले ते दिवस. दाराची घंटी वाजली की वाटायचं, कोर्टाचा माणूस नोटीस घेऊन आला असणार. पोस्टमन पुढे निघून गेला की हायसं वाटायचं. आठ दिवस गेले, पंधरा गेले. काम करताना हात चुकायला लागला. एका बाईच्या डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे बसवलं, तीस वर्षांत पहिल्यांदा. आणि डोक्यात एकच किडा, तो आला का नाही? दादा ताप अंगात घेऊन तारखेला आलेला मी पाहिलाय. आजारी असेल? की कंटाळला? की शेवटी त्याला पटलं, मी चोर नाही म्हणून? हे शेवटचं मी फार वेळ मनात ठेवायची. बरं वाटायचं.

सव्विसाव्या दिवशी दुपारी दुकानात वहिनी आली.

चार वर्षांत ती या दुकानाची पायरी चढली नव्हती. दारात उभी राहून तिने आधी रस्त्याकडे बघितलं, मग आत आली आणि रुमालात गुंडाळलेला चष्मा काउंटरवर ठेवला.

"ह्यांचा आहे. तुझ्याकडे आणलाय हे ह्यांना माहीत नाही. घरी दुसरा जुना लावून बसलेत."

मी रुमाल सोडला. मीच केलेला चष्मा होता, दावा लावायच्या आधीचा. चार वर्षं माझ्याविरुद्ध कोर्टात उभा राहिला तो माझाच चष्मा लावून!

"काच पुसट झालीय म्हणतात. दोन दुकानांत दाखवला, दोघं म्हणाले काच चांगली आहे. तू घासलेली आहे, तूच काय ते सांग बाई."

मी चष्मा यंत्राखाली धरला. नंबर जो होता तोच. काचेवर एक ओरखडा नाही. माणूस मेला कितीही भांडकुदळ असला तरी चष्मा जपून वापरतो.

"वहिनी, दादा चालताना दाराच्या चौकटीला धडकतो का?"

तिने चमकून माझ्याकडे बघितलं.

"पाणी ओतताना पेल्याच्या बाहेर जातं? बाजूला कोणी येऊन उभं राहिलं तर दचकतो?"

"तुला कोणी सांगितलं?"

कोणी सांगायला कशाला हवं? बाबांचं असंच सुरू झालं होतं. काचबिंदू घराण्यात उतरतो. आधी बाजूचं जातं, मग फक्त समोरचं एक भोक उरतं. कोर्टात ती ताठ मान, माझ्याकडे ढुंकून न बघणं! मी चार वर्षं त्याला आकडू समजत होते. त्याला मी दिसतच नसेन. आणि मी डोळ्यांचं काम करणारी बाई, माझ्या हे ध्यानात येऊ नये?

"उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा," मी म्हटलं. "काचेत काही नाही. जेवढी नजर उरलीय तेवढी तरी वाचेल."

"ऐकतात होय? म्हणतात, कोर्टाचं एकदा संपू दे, मग बघू. आणि ते काही संपत नाही. मागच्या तारखेला सकाळी साडेदहापासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होते. पुकाराच झाला नाही म्हणाले. शेजारच्या खोलीच्या शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, राहिलेल्यांची पुढची तारीख बोर्डावर लागेल."

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. नेमका तेव्हाच शिंपी आत डोकावला. वहिनीला बघून त्याचा चेहरा फुलला. "अरे वा! म्हणजे आता कोर्टाचं सगळं..."

"तुमची इस्त्री जळतेय," मी म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की तो खरंच पळाला.

वहिनीने चष्मा परत रुमालात बांधला आणि निघून गेली. तिला काहीच माहीत नव्हतं. दादालाही नव्हतं. त्या दोघांच्या लेखी दावा चालूच होता. मी फक्त गप्प बसायचं होतं. चार दिवस. सव्वीस दिवस बसलेच होते की!

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी कोर्टात गेले, या वेळी पुढच्या दाराने. सात नंबरच्या खोलीला कुलूप होतं. बाहेर बाक होता आणि त्यावर शेजारच्या आठ नंबरची गर्दी बसली होती. सातच्या दारावर चांगला डोक्याच्या उंचीला एक कागद चिकटवलेला: कामकाज वर खोली क्रमांक अकरामध्ये. अक्षर बारीक, पण कोणालाही वाचता येईल असं. बाकापासून दार चार हातांवर होतं. दादा दिवसभर तिथे बसून होता, आणि वरच्या मजल्यावर त्याचं नाव पुकारलं जात असताना मी मनात म्हणत होते, येऊ नकोस.

मी त्याच बाकावर बसले. परिच्छेद चार आठवला. "दिसत नव्हते याचा गैरफायदा घेऊन." बाबांच्या वेळी मी असं काही केलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं केलं. पण आज गप्प बसले तर केलं असं होईल. मग तो परिच्छेद खरा असेल, फक्त माणूस वेगळा. आणि ते मला एकटीला माहीत असेल, घासणीच्या चाकापुढे बसून, जन्मभर.

वकीलबाईला फोन केला. ती ऐकता ऐकता ओरडायला लागली.

"काकू, स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा पाडून घेताय! साक्षीदार नाही तुमच्याकडे. दावा उभा राहिला तर दुकान जाऊ शकतं. कळतंय का?"

"कळतंय."

"मग?"

"मग काही नाही. कळतंय." मी फोन ठेवला. दुकान जाईल या भीतीने मला दरदरून घाम फुटला होता, यात काही मोठेपणा नव्हता.

कोर्टाच्या आवारात टंकलेखक बसतात. त्यातल्या एकाला म्हटलं, काढून टाकलेला दावा पुन्हा सुरू करण्याचा अर्ज करून द्या. त्याने कागद चढवला.

"वादी तुम्हीच ना?"

"नाही. प्रतिवादी."

त्याची बोटं थांबली. त्याने चष्मा कपाळावर चढवून मला नीट बघून घेतलं. "बाई, दावा तुमच्यावरच आहे ना?"

"माझ्यावरच. टाईप करा."

दुसऱ्या दिवशी मी दादाकडे गेले. त्याचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. त्यानेच दार उघडलं. जुना चष्मा लावलेला, नजर माझ्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे.

"कोण?"

"मी."

तो दार लावायला गेला. मी पाऊल आत टाकलं.

"कशाला आलीस? काय असेल ते तारखेला बोलू."

"तारीख नाही आता, दादा. दावा काढून टाकला. तू आला नाहीस म्हणून."

"मी होतो तिथे! दिवसभर होतो!"

"सात नंबरबाहेर होतास. कोर्ट वर अकराला भरलं होतं. दारावर कागद लावला होता."

"कागद नव्हता."

"होता. मी काल बघून आले. अजून आहे."

वहिनी आतून येऊन उंबऱ्यात उभी राहिली, तोंडावर हात. दादाचा चेहरा लाल झाला.

"माझा चष्मा कुठाय? हा जुना आहे, म्हणून..." वहिनीने रुमालातला चष्मा त्याच्या हातात दिला. त्याने तो लावला, माझ्या हातातला अर्ज ओढून घेतला आणि कागद वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवत राहिला. ओळ सापडत नव्हती. "काच बदललीस तू. तुझ्याकडेच नेला असणार हिने. काहीतरी करून ठेवलंस."

माझं टाळकं सटकलं. "हो, तेवढंच राहिलं होतं! बापाला फसवलं, आता भावाची काच फोडते! दादा, तीच काच आहे. काच चांगली आहे. तुला दिसत नाहीये. बाबांना दिसायचं नाही तसं."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. दादा हळूच खुर्चीवर बसला. माझा तो भाऊ, एवढा मोठा, आणि त्याची मला इतकी दया आली की मला त्याचाही राग आला.

"किती दिवस उरलेत?" त्याने विचारलं.

"आज धरून तीन. सही केलीस तर उद्या सकाळी दाखल होईल. मग दावा परत चालेल."

"आणि नाही केली तर?"

"तर दुकान माझं. कायमचं."

"मग तू का आलीस?"

"तो परिच्छेद चार खोटा आहे म्हणून."

कागद त्याने माझ्याकडे धरला. मी अर्ज वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत: नजर अधू असल्याने खोली बदलल्याची सूचना वाचता आली नाही, सबब दावा पूर्ववत करावा.

"हेच लिहिलंय कशावरून?" दादा म्हणाला.

"दे इकडे, मी वाचते," वहिनी पुढे झाली.

"थांब तू." त्याने तिच्याकडे हात केला. तोंड माझ्याकडे होतं. "मी तुला विचारतोय. बक्षीसपत्र नाहीये हे, कशावरून?"

"कशावरूनच नाही," मी म्हटलं. "मी सांगतेय, तेवढंच."

मग त्याने पेनासाठी हात पुढे केला. मी पेन दिलं, त्याचं डाव्या हाताचं बोट धरून सहीच्या रेघेवर टेकवलं. बोट तिथेच राहिलं. पेन उचललेलं.

"बाबांनी विचारलं होतं का तुला? कशावरून म्हणून?"

"नाही, दादा. त्यांनी नाही विचारलं."

दादाने मान खाली घातली आणि सही केली.